अकरा मुक्या तबकड्या

सकाळचे ऊन खिडकीच्या गजांतून आत आले ते कुणाला जाग येऊ नये अशा बेताने. आधी भिंतीच्या पोपड्यांवर रेंगाळले, मग टेबलावर पसरलेल्या छापखान्याच्या मुद्रितांवर, तिथून दोरीवरच्या ओल्या सदऱ्यावर, आणि अखेर फळीवर दाटीने उभ्या असलेल्या जुन्या रेकॉर्डांच्या विटक्या कडांवरून सावकाश सरकू लागले... कुठल्याशा शाळामास्तराने कपाटाएवढ्या सिंथेसायझरवर वाजवलेली, कुणी घड्याळांच्या प्रदर्शनासाठी बसवलेली, जगाने केव्हाच टाकून दिलेली ती यंत्रांची व्याकूळ स्वप्ने! धाकटा भाऊ टेबलावरच्या रेकॉर्ड प्लेअरचा हेडफोन लावून, डोळे मिटून त्यांच्यापुढे बसला होता.

दार लाथेसरशी उघडले. थोरल्या भावाने काखेतला रेकॉर्डांचा गठ्ठा जमिनीवर आदळला. लेथवर उभे राहून ज्याचे तारुण्य झिजले, त्याचा आवाजही लोखंडावर लोखंड घासल्यासारखा निघे.

"अकरा! त्या रेकॉर्डवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात अकरा परत केल्यास! प्रत्येकीवर तुझी चिठ्ठी, 'स्टिरिओची डावी बाजू मुकी'! आणि काल त्याची गचांडी धरलीस?"

"तो खराब माल गळ्यात मारतो, दादा."

"खराब? त्यानं माझ्या कानांना हेडफोन लावून एकेक वाजवून दाखवली. ठणठणीत आहेत सगळ्या! म्हणतो, तुमच्या भावाला गाणी नकोत, भांडण हवंय. लाज आणलीस, लबाडा!"

थोरल्याने वरची रेकॉर्ड उचलून टेबलाच्या कडेवर फोडली. एक काळा तुकडा धाकट्याच्या गालात रुतला. दादापुढे जन्मभर खाली मान घालून वावरलेला तो मुलगा... त्याने हेडफोन भिरकावला, फळीला टेकू दिलेला लोखंडी ठोकळा उपसला आणि फेकला! थोरल्याची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरले. दुसऱ्या क्षणी दोघे एकमेकांच्या नरड्याला भिडले, फळी कोसळली, आणि पायांखाली तबकड्या कडाकड मोडू लागल्या.

"भावजी, सोडा! मराल दोघंही!"

वहिनी धाकट्याच्या डाव्या खांद्याशी येऊन किंचाळली होती. त्याने मान वळवली ती उजवीकडे, रिकाम्या भिंतीकडे.

थोरल्याची मूठ हवेतच थांबली.

"ती इकडे आहे... तू तिकडे काय बघतोस?"

"गडबडीत..."

थोरल्याने जमिनीवरचा हेडफोन उचलून स्वतःच्या कानांना लावला. टेबलावरची रेकॉर्ड अजून फिरत होती, आणि दोन्ही कानांत स्वच्छ वाजत होती. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"त्या दिवसापासून?" त्याने विचारले. "मी थोबाडीत मारली तेव्हापासून?"

तीन वर्षांपूर्वी आजारी वहिनीला इस्पितळात न्यायचे सोडून धाकटा एका भंगाराच्या दुकानात रेकॉर्ड्स चाळत बसला होता. त्या संतापात दादाचा हात सुटला, आणि पुढे कित्येक दिवस डोक्यात एक बारीक शिट्टी वाजत राहिली. आईबापांमागे ज्या हाताने घास भरवला, त्या हातावर हा कलंक कसा ठेवायचा? तो दादाजवळ बोलला नाही, आणि हळूहळू स्वतःजवळही बोलेनासा झाला. सर्दी झाली असेल, सुई झिजली असेल, तबकडीच तशी निघाली असेल...! हेडफोन एकदा उलटा लावून पाहावा, एवढी साधी गोष्ट त्याने मनाला कधी सुचूच दिली नाही.

"उलटा लाव," थोरला म्हणाला.

"नको, दादा."

"लाव म्हणतो ना!"

रक्ताळलेल्या बोटांनी थोरल्यानेच तो त्याच्या डोक्यावर उलटा चढवला. आणि उजव्या कानात, कुठल्याशा पाताळातून यावा तसा, एक खोल, थरथरता, आजवर कधीच न ऐकलेला स्वर भरून आला! किती सुंदर होता तो... रोजची ओळखीची धून मात्र डाव्या कानाकडे जाऊन पार नाहीशी झाली होती.

त्याने डोळे उघडले तेव्हा थोरला गुडघ्यांवर बसला होता. "हा हात तोड माझा..." तो हुंदक्यांतून म्हणत होता. "सांगितलं का नाहीस रे, वेड्या?"

धाकट्याने हेडफोन काढला. बाहीने दादाच्या भुवईवरचे रक्त पुसले आणि तो हात आपल्या गालाशी घट्ट धरला.

"रडणं नंतर करा," वहिनी डोळे पुसत म्हणाली, "आधी दोघांनी जखमा धुवा."

दोघेही हलले नाहीत. तबकड्यांत काहीच खोट नव्हती. धाकट्याचा डावा कान गेला होता.