कोपऱ्यातलं गवत

फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरले तेव्हा माझे डोळे मिटत होते. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांसाठी कोड लिहायचा, सुट्टीत स्वतःसाठी – तीन वर्षं हेच चाललं होतं. माझा प्रोग्राम रेषा ठरवायचा आणि टेबलावरचं छोटं यंत्र पेन धरून त्या कागदावर काढायचं. हजारो रेषा, वाऱ्यात झुकलेल्या गवतासारख्या.

"चित्र उलटं धरलंय तुम्ही," फ्रेमवाला म्हणाला.

"सुलटंच आहे."

"मग सही डोक्यावर करता की काय?"

पाहिलं तर... खरंच उलटं होतं. तो हसला. त्याच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्याने चित्र फिरवलं आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "इथं यंत्र दमलं वाटतं?"

तळहाताएवढी जागा कोरी! पेनातली शाई संपली होती, आणि मी शेजारच्या खुर्चीत झोपून गेले होते. नऊ तासांचं काम. परक्या माणसासमोर मला रडूच फुटलं.

त्याने स्टूल पुढे सरकवलं. "हाताने भरून देऊ?"

"प्रत्येक रेषेचं गणित आहे त्यात."

"गणितात मी कच्चा," तो म्हणाला, "पण गवत पाहिलंय बरं का."

त्याच्या कुंचल्याच्या रेषा जराशा थरथरत्या होत्या. आणि तेवढ्याच कोपऱ्यात खरा वारा सुटल्यासारखं वाटत होतं. मला रागच आला.

तरी पुढच्या चित्रात मी प्रोग्रामला सांगून एक जागा मुद्दाम कोरी ठेवली. मग दर रविवारी दुपारी तेच. घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. कधी कधी काम करता करताच त्याचा डोळा लागे. मी त्याच्या बोटांतून कुंचला अलगद काढून घ्यायचे.

"झोपलो होतो का मी?"

"छे! विचार करत होतास... घोरत."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

मग एका मोठ्या प्रदर्शनासाठी मी आमच्या दोघांच्या नावाने चित्र पाठवलं. उत्तर आलं – चित्र आवडलं, पण चित्रकार एकच हवा.

"मग खोड ना माझं नाव!" तो चिडला. "तीन वर्षं घासली आहेस तू."

"नाव नाही खोडलं. चित्र परत मागवलं."

"का पण?"

"कारण..." लपवायचंही त्राण उरलं नव्हतं. "कारण तुझ्याशिवायचं चित्र आता मला बघवत नाही. आणि नुसतं चित्रच नाही रे... सोमवार, मंगळवार, काहीच नाही."

तो कितीतरी वेळ स्वच्छच असलेला कुंचला पुसत राहिला.

"दोन नावांची जागा असलेला एक फॉर्म असतो," तो हळूच म्हणाला. "लग्नाच्या नोंदणीचा. पण आई माझ्याजवळच राहील. रात्री उठावं लागतं गं..."

"पाळ्या लावू. एक रात्र तू, एक रात्र मी."

त्याचे डोळे भरून आले. "म्हणजे... हो?"

"हो. आता पाच मिनिटं झोपू दे," म्हणून मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दारात कुणी गिऱ्हाईक आल्याचं अर्धवट कानावर पडलं.

"जरा थांबाल का?" तो कुजबुजला. "घरचं माणूस झोपलंय."