गुडमारची बरणी

"वॉचमन गुरप्पांनी सकाळी चोरून आमची पूड खाल्ली आणि दुपारी फाटकातच कोसळले. साखर एकदम उतरली होती." डॉ. अंकिता बोलता बोलता खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या.

रक्तातली साखर उतरवणाऱ्या गुडमारच्या पाल्यावर सोलापूरच्या या प्रयोगशाळेत त्या कित्येक वर्षं काम करत होत्या. आता पूड माणसांना द्यायची होती. होटगी गावचे मधुमेही रुग्ण नाव नोंदवायला खाली येऊनही बसले होते.

"चमचाभर पुडीनं माणूस असा पडत नाही. खाली बसलेल्यांना काय सांगू?"

खासगी गुप्तहेर समरा बागवान उठली. तिचा सहकारी महेश्वर चहा अर्धा टाकून मागे धावला.

पुडीच्या कपाटाची किल्ली ताबीशकडे असे. संशोधन करणारा हा विद्यार्थी घाबरून गेला होता.

"मी काही मिसळलं नाही, मॅडम. पाला खरा असला की चघळल्यावर साखर वाळूसारखी लागते. दर खेपेला मीच चव घेतो. या खेपेला सुट्टीवर होतो, म्हणून दिग्विजय सरांनी घेतली."

पाल्याची खरेदी आणि दळण दिग्विजयकडे होतं. तो शांतपणे म्हणाला, "घेतली की. नंतर पेढासुद्धा मातीसारखा लागला. पूड जहाल आहे, इतकंच."

दवाखान्यात गुरप्पा उशीला टेकून बसले होते.

"चूक झाली, ताई. जिभेवर पूड टाकली, घोळवली, अन् लगेच टपरीवर चहा प्यालो. लई गोड लागला. मग दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली."

"चहात कुणीतरी काहीतरी टाकलं!" बाहेर येताच महेश्वर म्हणाला.

"टपरीवरचा चहा सगळ्यांनीच प्यायला. चला."

प्रयोगशाळेत तिने सगळ्यांसमोर महेश्वरच्या जिभेवर चिमूटभर पूड ठेवली, थुंकायला लावली आणि गुळाचा खडा दिला.

"गोड आहे की!"

अंकितांचा चेहरा उतरला.

"गुरप्पांनाही चहा गोड लागला," समरा म्हणाली. "म्हणजे या बरणीत गुडमार नाहीच. तरी साखर उतरते. मग आत मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातल्यात. ताबीशनं हे केलं असतं, तर खऱ्या पाल्याची खूण त्यानं स्वतःहून मला कशाला सांगितली असती? पेढा मातीसारखा लागल्याचं फक्त तुम्ही सांगितलंत, दिग्विजय. ते खोटं होतं."

दिग्विजयने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "व्यापाऱ्यानं भलताच पाला दिला. उंदरांना देऊन पाहिला, साखर उतरेना. चाचणीची तारीख जाहीर झालेली… म्हणून गोळ्या घातल्या. माणसांना द्यायच्या आधी बदलणार होतो."

"कधी?" अंकितांनी विचारलं.

त्या एकट्याच जिना उतरल्या. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली.

"औषध तयार नाही. चूक आमची आहे."

एक म्हातारी पुढे आली. "मग कवा येऊ, बाई?"

अंकितांनी तिचा हात धरला. तारीख मात्र त्यांना सांगता आली नाही.