हिरव्या दोरीचा गोटा

घंट्या दाराशी टांगल्यात ना सगळ्यांनी? बरं. उद्या सकाळी त्या कमरेला बांधल्याशिवाय नदीत पाऊल टाकायचं नाही. आपण येतोय हे अस्वलाला आधी कळलेलं बरं. दिवा राहू द्या तसाच, बारीक. दगडातले शंख शोधायला आलाय म्हणून सांगतो, नाहीतर मी ही गोष्ट पाहुण्यांना सांगत नाही. ऐकून एकाने रात्रीतच गाशा गुंडाळला होता. मला ती कानबेने सांगितली. गावात त्याचं सलून आहे, वीस वर्षं माझे केस तोच कापतो, आणि हातात वस्तरा असताना तो थापा मारत नाही.

ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख होती, सोमवार. सोमवारी सलून बंद. कानबे, लाकडाचा ट्रक चालवणारा नुमाता आणि पोस्टातला युगे असे तिघे सकाळीच कितासावा नदीत उतरले. हे धरण तेव्हा बांधून झालं होतं, पण भरलं नव्हतं. आता खिडकीतून नुसतं पाणी दिसतं ना, तिथे खाली आळी होती, शाळा होती, पूल होता. हिवाळ्याच्या तोंडावर दारं टाकायची ठरली होती. म्हणजे नदीच्या त्या भागात शंखाचे गोटे वेचायचा तो शेवटचाच मोसम. पांढरे कापूसकिडे हवेत उडायला लागले होते. ते दिसले की आमच्याकडे बर्फ आलाच म्हणून समजायचं.

आमच्या नदीची एक रीत आहे, ती उद्या तुम्हीही पाळायची. गोटा सापडला की तो पाठीवर घेऊन वर चढत बसायचं नाही. काठच्या उंच खडकावर ठेवायचा आणि परत येताना उचलायचा. आणि कुणी ठेवलेल्या गोट्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. आत काय असेल ते असो, तो त्याचा. गोटा फुटला की त्याची दोन अर्धकं होतात, एकात शंख आणि दुसऱ्यात शंखाचा ठसा. शंख ज्याला सापडला त्याने ठेवायचा, ठसा सोबत्याला द्यायचा.

वरच्या वळणावर एक बसका खडक होता. त्यावर अकरा वर्षं एक गोटा पडून होता, कलिंगडाएवढा, हिरव्या दोरीने आडवाउभा बांधलेला. तो वाकुईचा, ह्या तिघांच्या दोस्ताचा. वाकुई एकटाच गेला होता, डोंगरात ढग फुटला, नदी आली. शोधायला गेलेल्यांना तो दोरी बांधलेला गोटा तेवढा दिसला. ना माणूस, ना बूट, ना घंटा. त्याची घंटा आंधळ्यालाही ओळखू आली असती. आजोबांच्या बर्फगाडीच्या घोड्याच्या गळ्यातली होती ती, पितळी, चिरलेली. आमच्या घंट्या किणकिणतात, ती बद्द वाजायची. नुमाता म्हणायचा, "अरे, हिच्याने अस्वल पळत नाही, जांभई देतं."

वाकुईची बायको सुमिए तेव्हा म्हणाली, "गोटा राहू दे तिथेच. येताना ते घेऊन येतील." आणि ती वाट बघत राहिली. मागचं दार कधी लावलं नाही. धरणाचं काम निघालं, आळी उठली, घरं पाडली, तरी ती हलेना. मुलगी सापोरोहून दोनदा न्यायला आली. सुमिए म्हणे, "घर दिसलं नाही तर ते जातील कुठे?" भटजी म्हणाला, नदीतला एक दगड अस्थींच्या डब्यात ठेवा, मंत्र म्हणतो, त्यांना शांती मिळेल. ती नाही म्हणाली. लढाईवर गेलेल्या तिच्या बापाच्या नावानेही असाच डबा आला होता. लहानपणी तिने तो हलवून पाहिला होता. आत एक खडा वाजला होता. "तो माझा बाप नव्हता," ती म्हणाली.

मंगळवारी मुलगी तिसऱ्यांदा यायची होती. महिनाअखेरीला ते घर पाडायचं होतं, आत कुणी असो वा नसो. कानबेच्या मनात हेच होतं. कुठला तरी दगड तिला नको होता, पण वाकुईने स्वतःच्या हाताने बांधलेला गोटा घरी आला तर ती उठेल. नाहीतर ती त्या घरात मरेल. दोस्तांना त्याने काही सांगितलं नाही.

दिवस मजेत गेला. युगेला मुठीएवढा शंख मिळाला, नुमाताला काहीच नाही. खारवलेल्या मासळीचे भाताचे गोळे खाताना युगे म्हणाला, "नुमाता-सान, तुम्ही ट्रकच आणायचा होता."

"तुझ्या शंखासाठी ना? मावायचा नाही रे त्यात."

असे दात काढत ते परत फिरले आणि बसक्या खडकापाशी कानबे थांबला. पाठीची लाकडी चौकट त्याने उतरवली आणि हिरव्या दोरीला हात घातला.

"कानबे," नुमाता म्हणाला, "ठेवलेला आहे तो."

"माहीत आहे."

"मग?"

"बर्फ पडला की वर पाणी चढेल. मग कोण येणार घ्यायला, मासे? वहिनींना नेऊन देतो."

"वहिनींनी सांगितलंय?"

कानबेने दोरी ओढून पाहिली. नुमाताने तोंड फिरवलं. पण गोटा चौकटीवर चढवताना खालून हात त्यानेच दिला.

साडेचारला अंधार पडला. चांदणं नव्हतं. पुढे नुमाता बॅटरी घेऊन, मध्ये युगे, शेवटी कानबे. तीन घंट्या किणकिणत होत्या. नुमाताने अस्वलाचा एक जुना विनोद सुरू केला आणि मध्येच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. चल."

मग कानबेलाही ऐकू आलं. मागून. बद्द.

ते थांबले. तीन घंट्या थांबल्या. एक पाऊल उशिराने... तीही थांबली.

"हरीण असेल," युगे म्हणाला.

हरणाच्या गळ्यात घंटा कोण बांधतं, हे कुणी बोललं नाही. कुणी मागेही पाहिलं नाही. ते चालू लागले. ती चालू लागली. घाई नव्हती तिला. दमलेला माणूस घरी निघावा तशी.

कानबेला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. आपण मित्राची वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत उचलली, असं त्याला वाटलं. गोटा खाली ठेवावा का? सुमिएचं कडी न लावलेलं दार त्याला आठवलं. त्याने ठेवला नाही.

नदी ओलांडायची जागा आली. पाणी गुडघ्याला. मग मांडीला. मधोमध कानबेचा पाय सरकला. ओझ्याने त्याला मागे खेचलं. बर्फासारखं पाणी छातीला लागलं. संपलं, असं त्याला वाटलं.

आणि ओझं उचललं गेलं.

चौकटीखाली कुणीतरी हात घातला होता. नीट तोलून. कानबे उभा राहिला, चार पावलं गेला, काठ लागला. "युगे, सोड आता," तो म्हणाला.

समोर बॅटरी होती. बॅटरीमागे नुमाता. नुमाताशेजारी युगे. दोघंही काठावर.

ते गाडीकडे निघाले.

गाडीपर्यंत ते ओझं हलकंच राहिलं.

खालच्या आळीत एकच दिवा होता. मागचं दार उघडं होतं आणि सुमिए दारात उभी होती.

"किती वेळ घंटा ऐकतेय मी. या."

तिघांच्याही घंट्या गाडीत होत्या, पिशवीत गुंडाळलेल्या.

"वहिनी," कानबे म्हणाला, "न विचारता आणलाय. रागवा मला."

ती रागावली नाही. तिने दोरीवरून बोट फिरवलं. "गाठ ह्यांचीच," ती म्हणाली. मग विचारलं, "ओझं कोणी आणलं?"

"मी."

"एकट्याने?"

कानबे पाठीची चौकट सोडू लागला.

मागच्या पडवीत वाकुईचा गोटे फोडायचा ओंडका अजून होता. तिने गोटा त्यावर ठेवायला सांगितला. "फोडून देऊ का?" नुमाताने विचारलं.

"नको. ज्याचा आहे तो फोडेल."

त्या रात्री तिघांपैकी कुणाची गाडी चालवायची छाती झाली नाही. पुढच्या खोलीत ते कपड्यांनिशी आडवे झाले. झोप कुणाला येणार?

किती वाजले होते ठाऊक नाही. पडवीतून आवाज आला.

टक. टक. मग थांबून... ठक.

दोन हलके, एक जोराचा. असा हातोडा चालवणारा एकच होता. कानबेने युगेचा दंड धरला. युगेने आधीच त्याचा धरला होता.

टक. टक... ठक.

बराच वेळ. मग आतल्या अंधारातून सुमिएचा आवाज आला. रडका नाही, घाबरलेला नाही. रोज रात्री वाकुईला द्यायची तसाच.

"आता पुरे हो. झोपा."

आवाज थांबला.

सकाळी चौघं पडवीत गेले. हिरवी दोरी कापलेली नव्हती. गाठ सोडून, गुंडाळून ओंडक्याच्या कोपऱ्यावर ठेवली होती. ताज्या कपच्या पडल्या होत्या. ओंडक्यावर अर्धा गोटा. त्यात बशीएवढा शंख, काठापर्यंत शाबूत. असा शंख ह्या नदीत कुणाला मिळाला नव्हता.

दुसरं अर्धक नव्हतं. त्यांनी ओंडका हलवून पाहिला, अंगण पाहिलं. नव्हतं.

सुमिएने तो शंख पुसला, दोरीने बांधला आणि मांडीवर घेतला. मुलगी आली तेव्हा ती जोडे घालून बसली होती. निघताना तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा मागच्या दाराला कडी लावली. डबा नंतर सापोरोला केला म्हणे, चांगला मोठा, शंख मावेल असा. हलवला तर वाजत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मीही म्हटलं असतं, नुमाताने रात्री उठून फोडला असेल. मी विचारलंही त्याला. तो हसला नाही, आणि नुमाता हसला नाही असं मी तेव्हाच पाहिलं.

दोन सोमवारांनी पहिला बर्फ पडला. दारं टाकायच्या आदल्या दिवशी कानबे एकटा नदीत गेला. काठ पांढरा, वाट पांढरी, एका माणसाचं पाऊल उमटलेलं नाही. बसका खडकही पांढरा होता, वीतभर बर्फाने.

वर, जिथे गोटा असायचा तिथेच, दुसरं अर्धक ठेवलं होतं. ठशाची बाजू वर करून. शंख वाकुईने तिला दिला होता. सोबत्याचा वाटा स्वतः घेतला होता.

त्या अर्धकावर बर्फाचा एक कणही नव्हता. ते ओलं होतं.

कानबेने टोपी काढली. हात लावला नाही. ठेवलेलं होतं ते.