वाढलेल्या बांगड्या

अगं, लाईट राहू दे चालू. आणि तुझ्या हातातल्या बांगड्या आधी काढून ठेव, मग सांगते.

उर्वशीचं, माझ्या मावसबहिणीचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मी नागपूरहून सौंसरला मावशीकडे पोचली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्कूटीवर थेट पांढुर्ण्याला. आधी शॉपिंग, मग भटकणं. चपला घेतल्या, ज्यूस प्यायलो, जाम नदीच्या पुलावर शंभर सेल्फी काढले. मग जुन्या वस्तीत शिरलो. मला तर वेडच लागलं! नक्षीचे दरवाजे, दगडी ओटे... दर दोन पावलांवर माझं "थांब, फोटो!"

एका गल्लीत मात्र फोटो काढावासा वाटला नाही. भर दुपार, तरी तिथं गार होतं. ओल्या राखेचा वास येत होता. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. समोर सूप, आणि सुपात हिरव्या बांगड्या. सहाच.

"नवरी दिसते," ती म्हणाली. "ये, बस. शकुबाईच्या हातच्या भरून जा."

उर्वशी फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलून राहिली होती. बोलता बोलताच तिनं हात पुढे केला.

"सहाच हायेत का वो आजी?" मी विचारलं.

"हव. माह्या सुनेच्या वाढल्या."

मला वाटलं, सुनेला जास्त झाल्या असतील. म्हटलं, चला, मस्त!

"फोन ठेव बाई, अन् नाव घे त्याचं," शकुबाई म्हणाली. "त्याशिवाय चढत नाहीत."

उर्वशी लाजली. "हेमराज."

म्हातारीचा हात थांबला. "माहा पोरगाही... हेमराजच होता."

मग बांगड्या सरसर चढल्या, तेल लावल्यासारख्या. प्रत्येकीवर केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. मला ते डिझाईन वाटलं.

संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती. बांगड्या बघून खूश झाली. "कोणाकडून भरल्या वं?"

मीच उत्साहानं सांगितलं, "एक आजी भेटली होती. तिच्या सुनेच्या वाढल्या होत्या, त्या दिल्या."

मावशीचा हात परातीतच राहिला.

"ऋतुजा... नीट सांग. 'वाढल्या' म्हणाली?"

"हो. काय झालं?"

"आपण बांगडी फुटली म्हणत नाही, पोरी. वाढली म्हणतो. नवरा मेला का बाईच्या बांगड्या वाढवतात... फोडतात!"

तिनं उर्वशीचा हात लाईटखाली धरला. ते डिझाईन नव्हतं. फुटलेले तुकडे होते, एकाला एक लागलेले. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता.

"शहरात राहून एवढंही विसरली तू?" उर्वशी रडकुंडीला आली.

"तू तिथंच बसली होती ना! तुझं लक्ष फोनमध्ये! मावशी, फोडून टाकू या..."

"चूप! नवरीच्या हातावर बांगडी फोडतात का? हेमराजच्या जिवावर येईन."

मग मावशीनं साबणाचं पाणी आणलं. हात लालभडक झाला, पण एक निघाली. दोन. तीन... शेवटची ताटलीत ठेवली आणि मी म्हटलं, "सुटलो बाप्पा!"

मी वर पाहिलं. उर्वशीच्या हातावर सहा बांगड्या होत्या.

मावशीनं पुन्हा साबण लावला. ताटलीत बारा झाल्या. हातावर सहाच्या सहा.

"आई..." उर्वशी कुजबुजली. "वाढून राहिल्या."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हेमराज, मोहगावहून. हात साबणानं भरलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"काय मजाक हाये वं ही?" तो हसत होता. "मोहगावले कधी आली तू? मघापासून मागच्या खोलीत बांगड्या वाजून राहिल्या तुह्या..."

मावशीनं उर्वशीचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला होता. एकही बांगडी वाजत नव्हती. तरी फोनमधून ती किणकिण येत होती. बारीक. जवळ येणारी.

"मी घरीच हाये!" उर्वशी ओरडली. "हेमराज, त्या खोलीकडे जाऊ नका..."

"हव, हव," तो म्हणाला. "थांब, दार उघडतो."