छपरावरची पावलं

टोकाच्या घरून गवत आणायचं, एवढंच ठरलं होतं. तेही वेळेत, मेंढ्या गुडघे टेकायच्या आत.

पंचांगातला उन्हाळा केव्हाच लागला होता. पाद्रीबुवांनी त्याचं प्रवचन देऊन टाकलं होतं, लोकांनी एकमेकांना 'उन्हाळा सुखाचा जावो' म्हणून हातही मिळवले होते. फक्त उन्हाळ्याला कुणी कळवलं नव्हतं! आइसलंडच्या त्या वायव्य किनाऱ्यावर एरवी बर्फ पडतो, चार दिवस बसतो आणि समुद्राचा खारा वारा त्याला हाकलून देतो. यंदा तो पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन राहिला. त्यात उत्तरेकडून समुद्रातला बर्फ वाहत आला आणि खाडीच्या तोंडात बूच बसल्यासारखा बसला. किनाऱ्यावरचं शेवाळ त्याच्याखाली गाडलं गेलं. ते खाऊन मेंढ्या निदान तग धरत असत.

ओद्नीच्या गोठ्यातलं गवत संपलं होतं. नवरा बुडाल्यापासून ती एकटीच घर हाकत होती, आणि माणूस असो की मेंढी, कुणाच्या अंगात किती दम शिल्लक आहे हे तिला नुसत्या नजरेने कळे. गाभण मेंढ्यांच्या पाठीचे मणके आता हाताला लागत होते. ती त्यांना माशांची डोकी उकडून घालत होती. कोकरं पडायची वेळ येईपर्यंत हे पुरणार नव्हतं. मेंढ्या गेल्या की घर गेलं, आणि मग दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला राहायचं. हे तिने स्वतःला एकदाच सांगितलं आणि घसरगाडी बाहेर काढली.

खाडीच्या टोकाला म्हातारा इल्लुगी राहत होता. त्याच्याकडे गेल्या वर्षीचं, कदाचित त्याच्याही आदल्या वर्षीचं गवत शिल्लक होतं. माणूस असा चिकट, की शिंक आली तरी निम्मी राखून ठेवील! परक्या मेंढीने त्याच्या रानात पाऊल टाकलं की तो कुत्रा सोडायचा. पण बऱ्याच दिवसांत टोकाकडून धूर दिसला नव्हता.

"मेला असेल," हाल्वार म्हणाला. हा शेजारचा शेतकरी. दुसऱ्याच्या गोठ्यात किती गवत आहे ते रस्त्यावरून सांगायचा, आपल्यातलं मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मेला असता तर आपल्याला कळलं असतं," ओद्नीचा धाकटा दीर केतिल म्हणाला. "स्वर्गाच्या दारात तो अजून घासाघीस करत असता, आणि इथपर्यंत ऐकू आलं असतं."

तिघं निघाले. दोन घसरगाड्या, दोर, फावडी, पोतडीत वाळवलेला मासा आणि लोणी. सर्वांच्या पुढे फ्लेका. ही ओद्नीची म्होरकी मेंढी, काळी-पांढरी, उंच पायांची, डोळे एखाद्या खाष्ट सासूसारखे. त्या मुलखात म्होरक्या मेंढीशी कुणी वाद घालत नाही. वादळ तिला माणसाच्या आधी कळतं आणि वाट तिला माणसाच्या नंतरही आठवते.

वाट समुद्राच्या गोठलेल्या कडेने होती. डावीकडे काळे कडे, उजवीकडे बर्फाचं पांढरं रान, आणि त्यावर हळूहळू उतरणारं धुकं. थोड्याच वेळात उजवी-डावी बाजू असं काही उरलंच नाही. दुधाच्या भांड्यात पडलेल्या माश्यांसारखे ते चालत होते. खालून बर्फ कण्हत होता. कधी पाळण्यातल्या पोरासारखा रडे, कधी कुणी बाई लांबून नाव घेऊन हाक मारतेय असं वाटे.

"वहिनी, तुला हाक मारतेय," केतिल म्हणाला.

"मला नाही. तुझ्यासारख्या बिनलग्नाच्यालाच मारते ती," ओद्नी म्हणाली. पण तिने मागे वळून पाहिलं नाही. अशा हाकेला वळून पाहायचं नसतं.

मग पाऊलखुणा दिसल्या. ताटाएवढ्या रुंद, पुढे नख्यांचे ओरखडे. बर्फाबरोबर पांढरं अस्वल आलं होतं! खुणा त्यांच्याच वाटेने पुढे गेल्या होत्या आणि मध्येच संपल्या होत्या. आजूबाजूला ना भेग, ना पाणी. जणू ते जनावर तिथून वर उचललं गेलं होतं. केतिलने गाडीवरचं फावडं काढून हातात घेतलं.

फ्लेका थांबली. तिने पुढचा पाय बर्फावर आपटला. एकदा. पुन्हा एकदा. मग ती सरळ डावीकडे, कड्याच्या घळीकडे वळली.

"अगं, वाट इकडे आहे!" हाल्वार ओरडला. "तो चढ बघ! गाड्या कशा चढणार? मेंढीला काय कळतं?"

"तुझ्यापेक्षा कमी खाते आणि जास्त कळतं तिला. चढ!"

हाल्वार कुरकुरत मागे राहिला. तेवढ्यात आवाज झाला. तोफ उडावी तसा! बर्फ फाटला. काळी रेघ आली, रेघेची भेग झाली, भेगेतून पाणी उसळलं. हाल्वारची गाडी तिरकी झाली. दोर त्याच्या कमरेला होता!

"काप!" ओद्नी किंचाळली. "दोर काप!"

केतिलने झेप घेतली. सुरी चालली. दोर तुटला. गाडी तोंड वासलेल्या पाण्यात गेली आणि हाल्वार पोटावर पडून घळीच्या दगडाला चिकटला. मागची सगळी वाट, ज्यावरून ते आत्ता आले होते, संथपणे किनाऱ्यापासून सुटून धुक्यात निघून गेली. कसलाही आवाज न करता.

केतिलने हाल्वारला दगडावरून वर ओढलं.

"परत कसं जायचं?" हाल्वारने विचारलं.

"डोंगरावरून," ओद्नी म्हणाली. "आणि रिकाम्या हातानेच जायचं असेल, तर आत्ताच जा."

तो गेला नाही.

डोंगराची सोंड ओलांडून ते टोकाला पोचले तेव्हा धुकं जरा विरळ झालं. इथे समुद्राचा वारा इतका होता की उंचवटे खरवडून निघाले होते. खडकांमधून तपकिरी झुडपं डोकं काढून होती. आणि गंजी! करडी-हिरवी, जाडजूड, घराएवढी! हाल्वारच्या तोंडून हुंदका फुटला.

घर मात्र नव्हतं.

जिथे घर असायला हवं तिथे वाऱ्याने सगळा बर्फ आणून टाकला होता. एक गुळगुळीत पांढरा उंचवटा, थडग्यासारखा. ना धूर, ना कुत्र्याचं भुंकणं. तिघं त्यावर चढले. बूट आपटत, फावड्याचं टोक खुपसत इकडेतिकडे फिरले.

आणि पायाखालून आवाज आला.

ठक.

सगळे जागच्या जागी थिजले. वारासुद्धा थांबल्यासारखा झाला.

"किती?" हाल्वारने कुजबुजत विचारलं.

"एक," केतिल म्हणाला. त्याचा चेहरा बर्फाच्या रंगाचा झाला होता.

ते वाट पाहत राहिले. पुष्कळ वेळाने पुन्हा एकदा. ठक. त्यानंतर काही नाही.

खाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस तीनदा ठोठावतो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तीनपेक्षा कमी ठोठावणारं जे कुणी असतं, त्याला ओ द्यायची नसते.

केतिलने हाक मारायला तोंड उघडलं, तसा हाल्वारने त्याच्या तोंडावर हातमोजा दाबला. "गप्प! ओ दिलीस की ते मागे लागतं, सात पिढ्या सोडत नाही. गंजी उघड्यावर आहे. मेलेल्यांना गवत लागत नाही. एक गाडी तरी भरा आणि चला!"

ओद्नीच्या मनाने हिशेब मांडायला वेळ लावला नाही. इल्लुगी जिवंत असेल तर गवत मागावं लागेल, आणि तो देणार नाही. मेला असेल तर मागायलाच नको. म्हणजे खाली भूत असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. हाल्वारच्या, तिच्या, गोठ्यातल्या मेंढ्यांच्या.

आणि नेमकं तेच तिला खटकलं. भूत इतकं सोयीचं कधी नसतं!

तिने खाली पाहिलं. स्वतःच्या बुटांकडे. आपण उभे कुठे आहोत? छपरावर! आलो कसे? न हाक मारता, न देवाचं नाव घेता. घराच्या छपरावर चढून धपाधप पाय कोण आपटतं? जिवंत माणूस? छे! ते तर थडग्यातून उठलेल्यांचं काम. आपण आत असतो तर काय केलं असतं? दिवा मालवला असता, तोंडात पांघरुणाचा बोळा कोंबला असता आणि मेलो तरी ओ दिली नसती!

"उतरा!" ती ओरडली. "आधी छपरावरून उतरा, गाढवांनो! भुतं आपणच आहोत!"

छपराखालच्या त्रिकोणी भिंतीतली खिडकी कुठे असेल याचा अंदाज घेऊन तिने फावडं मारलं. केतिलही मारू लागला. बर्फ दगडासारखा होता. घाम आला, घाम गोठला. शेवटी फावडं लाकडाला लागलं. ओद्नीने मूठ वळली आणि खिडकीच्या फळीवर ठोठावलं. तीनदा, मोजून, सावकाश.

"देव इथे असो!"

आत काहीच नाही. हाल्वार मागच्या मागे सरकू लागला.

मग चिरक्या, कापऱ्या आवाजात उत्तर आलं, "देव तुझं भलं करो! पण कोण गं तू?"

"ओद्नी. खाडीतली."

आणि मग आतून दुसरा आवाज, खोकत, "गवत मागायला आली असेल. नाही म्हणून सांग!"

केतिल बर्फात बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला.

आत अंधार होता आणि हवा इतकी जड, की दिव्याची वात पेट धरत नव्हती. इल्लुगी पाय मोडून पडला होता. त्याची बायको ग्रोआ एका लांब काठीने छपराच्या धुराड्यातलं भोक मोकळं ठेवायला धडपडत होती. एक ढोसणी द्यायची, मग दम घेत पडून राहायचं, अंगात जोर आला की पुन्हा एक. छपरावर पावलं वाजली तरी श्वासासाठी ढोसणं भाग होतं; पण दुसऱ्या ढोसणीनंतर वर कुजबुज ऐकू आली, आणि तिने काठी टाकून दिली.

"वाटलं, छपरावर बसायला आलं," ती ओद्नीचा हात घट्ट धरून म्हणाली. "तेही तीन-तीन! एखादं भूत परवडतं गं. तिघांना वाढणार काय?"

"काकू, अजून थोडा वेळ गेला असता तर तुम्ही दोघं चौथं-पाचवं भूत झाला असतात," केतिल म्हणाला.

ओद्नी बाहेर येऊन उभी राहिली. समोर गंजी होती. खाली समुद्राची वाट नव्हती. मागे डोंगराची सोंड, इतकी खडी की रिकामी गाडीच जेमतेम वर आली होती. गवत भरलेली गाडी घेऊन जाणं अशक्य. जेवढं पाठीवर नेता येईल तेवढं एका रात्रीत संपलं असतं. ती गंजीजवळ गेली, मूठभर गवत उपसलं, हुंगलं आणि परत आत आली.

"इल्लुगी, मी गवत नेत नाही."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर उन्हाळा आला.

"गवताला पाय नाहीत. मेंढ्यांना आहेत. मी मेंढ्या इथे आणते. माझ्या, आणि या हाल्वारच्याही. उंचवट्यावरची झुडपं खातील, उरलेलं गंजीतून. त्याबदल्यात तुझा पाय बसवीन आणि बर्फ वितळेपर्यंत तुझं घर बाहेरून उघडं ठेवीन."

"माझ्या रानात परक्या मेंढ्या? मी जिवंत असेपर्यंत—"

"मग फळी परत लावते," ओद्नी म्हणाली.

"आणू दे," ग्रोआ म्हणाली. "छपरावर पावलं वाजली तेव्हा हा पांघरुणात शिरला आणि म्हणाला, तू बघ. मी बघितलंय. आता पुढचंही मीच बघते."

इल्लुगीने भिंतीकडे तोंड केलं. त्या घरात त्याला होकार म्हणत.

केतिल आणि हाल्वार फ्लेकाच्या मागून डोंगरावरून परत गेले. ओद्नी मागे राहिली. तिने पाय बसवला, म्हाताऱ्याच्या शिव्या ऐकल्या, दार मोकळं केलं, आणि रोज सोंडेकडे पाहत राहिली. धुकं रोज त्याच जागी असायचं. त्यात कधी कळप हलताना दिसे, जवळ येई, आणि मग नुसतं धुकंच उरे. आपल्या मेंढ्या केव्हाच मेल्या आणि आता या अशाच येत राहणार, असं तिला वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी धुक्यातून फ्लेका बाहेर आली. तिच्या पायांखाली बर्फ वाजत होता. करकर, खराखुरा. तिच्यामागे एकामागोमाग एक रांग, हाडं दिसणारी, पोटं लोंबणारी, डोकी खाली घातलेली. शेवटी खांद्यावर एक मेंढी घेतलेला केतिल, आणि दोन्ही हातांनी दुसरीला ढकलणारा हाल्वार. ओद्नीने मनात मोजलं. सगळ्या नव्हत्या. पण घर टिकेल एवढ्या होत्या.

"वहिनी, घळीपाशी काही जणी—"

"नंतर सांग. आधी वाढ."

ती गंजी उपसू लागली. आधी भीत भीत, मग भान विसरून मेंढ्या गवतात शिरल्या. पुन्हा बर्फ पडायला लागला, मोठा, निवांत, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं. त्या पांढऱ्या शांततेत आता एकच आवाज होता. चघळण्याचा. ओद्नीने वर पाहिलं नाही. ती गवत उपसत राहिली.