एका मार्गाचा पास

राजवाड्यासमोरच्या बसकचेरीच्या खिडकीशी चारुलता उभी होती आणि तिच्यामागची रांग वाढतच चालली होती. खिडकीवर टांगलेल्या फळ्यावर पासांचे प्रकार खडूनं लिहिले होते. दिवसाचा, आठवड्याचा, एका मार्गाचा, साऱ्या शहराचा. त्यातला आपल्याला कुठला स्वस्त पडेल, हे मात्र फळा सांगत नव्हता. बाजूच्या बाकावर भानुमती आत्या पदरानं वारा घेत बसली होती. चैत्राचं ऊन अजून चढायचं होतं, पण आत्याचा धीर केव्हाच संपला होता.

चारूचं बोट फळ्यावर वरून खाली फिरलं, पुन्हा वर गेलं. तेवढ्यात मागून एक शांत, खात्रीचा आवाज आला.

"एका मार्गाचा घ्या. आठवड्याचा. त्याहून स्वस्त काही नाही."

तिनं वळून पाहिलं. पांढरा सदरा, घामानं कपाळाला चिकटलेले केस, आणि जन्मभर याच खिडकीशी उभं राहिल्यासारखा चेहरा. त्यानं विचारलं, जायचं कुठं कुठं? तिनं सांगितलं — जुनी इंदूर, मल्हारगंज, रामबाग, छावणी, आणि शेवटी पलासिया. तो म्हणाला, सगळं त्याच मार्गावर आहे. तो इतक्या सहज म्हणाला की तिनं मान डोलावली आणि दोन पास घेतले. जाता जाता तिच्या लक्षात आलं की त्यानंही तोच पास घेतला.

आत्या आणि चारू धारहून आल्या होत्या. चारूची आई ती लहान असतानाच गेली आणि विधवा आत्यानंच तिला वाढवलं. आता आत्याचा मुलगा शरद आत्याला कायमची बडोद्याला नेणार होता. माळवा सोडण्याआधी इंदुरातल्या आपल्या माणसांना एकदा डोळे भरून बघायचं, एवढी तिची इच्छा होती. उतरायची सोय जुन्या इंदुरात, तिच्या चुलतभावाकडं, दत्तोपंतांकडं झाली होती. पण रोज टांगा करायचा म्हणजे चारूच्या वडिलांनी हातावर ठेवलेले पैसे दोन दिवसांतच उडाले असते. म्हणून बस, आणि म्हणून पास.

आत्याबरोबर चारूनंही बडोद्याला जायचं, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. शरदनं तिकडं तिच्यासाठी एका स्थळाकडं शब्दही टाकून ठेवला होता. चारूला कोणी विचारलं नव्हतं आणि तीही काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी पलासियाच्या बसमध्ये बसल्या. स्टेशन मागं पडलं, रस्ता रुंद झाला, दोन्हीकडं मोठमोठी झाडं लागली. आत्या खिडकीतून बंगले मोजत होती. एका चौकात कंडक्टर येऊन उभा राहिला, पास उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "बाईजी, ये पास यहीं तक चलेगा. आगे का टिकट लगेगा."

चारूनं कमरेची पिशवी चाचपली, पण आत्यानं तिचा हात धरला. पैसे एकदा भरलेत, पुन्हा भरायचे नाहीत, असं कंडक्टरला मराठीत ऐकवून ती सरळ उठली. एवढे गुडघे दुखणारी बाई कोणाचाही आधार न घेता पायरी उतरली. चारू तिच्या मागोमाग. आणि दोघींच्या मागोमाग, आपलाही पास खिशात कोंबत, कालचाच तो माणूस.

बस धूळ उडवून निघून गेली. रस्त्यावर तिघंच उरले.

"सगळं त्याच मार्गावर आहे, नाही का?" चारू म्हणाली.

"मला तसं वाटलं होतं…"

"इंदूरचे ना तुम्ही?"

त्यानं रस्त्याकडं पाहिलं, झाडांकडं पाहिलं. "ग्वाल्हेरचा," तो हळूच म्हणाला. "कचेरी उन्हाळ्यापुरती इकडं आली, तिच्याबरोबर आलो. आठवडाही झाला नाही."

चारूला संताप यायला हवा होता. तो आला देखील, पण त्याच्या तोंडाकडं बघताना नीट टिकेना. संस्थानं जोडून झालेलं राज्य नवं होतं, त्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. कपाटं, कागद आणि कारकून वर्षातून दोनदा गाडीत चढायचे. रघुवीर डोंगरे हा त्या कारकुनांतलाच एक. टांग्याचे पैसे मी देतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. आत्यानं ते साफ नाकारलं. मग त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तो त्यांच्याबरोबर चालू लागला. आत्या मध्ये, एका बाजूला चारू, दुसऱ्या बाजूला तो. सावली दिसली की आत्या थांबायची, आणि थांबली की त्याला काहीतरी विचारायची. घरी कोण असतं? आई. जेवायचं काय करता? खानावळीत. वरणात हिंग असतो का? नसतो. आत्याला त्या शेवटच्या उत्तरानं फार वाईट वाटलं.

पलासियाला आत्याची बालमैत्रीण सरोजिनीबाई राहायच्या. त्यांच्याकडं चैत्रगौर बसली होती, आरास मांडली होती. आत्या रिवाजाप्रमाणं मागच्या खोलीकडं वळली, तर सरोजिनीबाईंनी तिला हाताला धरून पुढं, गौरीसमोरच्या पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं पन्ह्याचा पेला दिला. आत्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

आत बायकाच बायका, म्हणून रघुवीर ओसरीवर बसला होता. त्याला द्यायला चारूच आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन बाहेर आली. पेला घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. वेलचीचा वास दोघांमध्ये रेंगाळला.

"रागावलात?" त्यानं विचारलं.

"आत्याचे गुडघे रागावलेत. त्यांना विचारा."

"त्यांची माफी मागितली मी. वाटेत. दोनदा."

तिला हसू आलं. ते लपवायला ती आत वळली, पण दारात क्षणभर थांबली हे त्याला दिसलं.

त्या संध्याकाळी चारूनं दत्तोपंतांना शेजारी बसवून घेतलं आणि बस कुठून कुठं जाते ते नीट विचारून घेतलं. तेव्हा तिला दिसलं की पलासिया सोडलं तर पास काही वाईट नव्हता. राजवाड्याला उतरलं की मल्हारगंज पायी जवळ होतं, रामबागही आत्याच्या चालीनं गाठता येण्याजोगं होतं. छावणी तर त्याच मार्गावर होती. साऱ्या शहराचा पास घेतला असता तर पैसे वायाच गेले असते. म्हणजे त्या ग्वाल्हेरच्या माणसानं काही माहीत नसताना बरोबर सांगितलं होतं. त्याला हे सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं.

कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो राजवाड्याच्या थांब्यावर उभाच होता. म्हणाला, कचेरी सुटली, सहज आलो. तिसऱ्या दिवशीही तो सहजच आला. आत्याला त्याच्या हाती पिशवी द्यायची सवय झाली. माळव्यातल्या त्या संध्याकाळी… दिवसभर तापलेलं शहर सूर्य कलला की थंड व्हायचं, वारा सुटायचा, रस्त्यावर पाणी शिंपडलेलं असायचं, आणि सराफ्याच्या तोंडाशी मोगऱ्याचे गजरे विकायला येत. आत्या पुढं पुढं जाऊन दुकानांपाशी रेंगाळायची. मागं दोघं मुद्दाम हळू चालायची. तो ग्वाल्हेरच्या थंडीबद्दल सांगायचा, ती धारच्या तळ्याबद्दल. एकदा त्यानं गजरा घेतला आणि तो चारूला न देता आत्याच्या हातात ठेवला. आत्यानं तो मागं न बघता चारूकडं दिला.

एका संध्याकाळी आत्याला तहान लागली. रघुवीर म्हणाला, माझी खोली इथंच आहे, माठातलं गार पाणी आणतो. बोलता बोलता त्यानं वरची खिडकी दाखवली, आणि चटकन हात खाली घेतला. चारूनं खिडकीकडं पाहिलं. मग रस्त्याच्या पलीकडं पाहिलं. समोरच त्याच्या कचेरीचं फाटक होतं, त्यावर पाटी होती.

तो तांब्या घेऊन खाली आला तेव्हा आत्या पाण्यात गुंतली होती. चारूनं आवाज खाली आणला.

"कचेरी इथं, खोली इथं. मग पास कशाला घेतलात?"

"घ्यायचा नव्हता. मी खिडकीशी फक्त पत्ता विचारायला उभा होतो."

"मग?"

"तुम्ही घेतलात म्हणून…"

चारूनं तांब्या परत त्याच्या हातात दिला. तिचे कान तापले होते. परतीच्या बसमध्ये ती आत्याला टेकून बसली. खिडकीबाहेर दिवे लागत होते आणि तिला उगाचच सगळी माणसं आवडत होती.

दुसऱ्या दिवशी आत्या गप्पांच्या ओघात रघुवीरला बडोद्याबद्दल सांगू लागली. शरदचं घर मोठं आहे, चारूला स्वतंत्र खोली मिळेल, स्थळही चांगलं आहे, मुलगा गिरणीत हिशेबनीस आहे. रघुवीर चालता चालता थांबला नाही. फक्त पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली. निरोप घेताना तो आत्याच्या पाया पडला आणि चारूकडं न बघता निघून गेला.

त्यानंतर तो थांब्यावर आला नाही. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, काम असेल. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पिशवी धरली.

पासाची मुदत संपायच्या दिवशी छावणीतल्या एका घरी निरोपाचं जेवण होतं. तिथंच आत्या दुपारची पडली, तशी चारू उठली, घरच्या बाईंना सांगून बाहेर पडली आणि एकटी बसमध्ये चढली. एकटी ती आजवर कुठंच गेली नव्हती. कंडक्टरनं पास पाहिला, मान हलवली. सारा रस्ता ती गजाला धरून बसली होती. काय बोलायचं ते तिनं चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा ते मोडलं.

कचेरीच्या फाटकावरच्या शिपायाला तिनं नाव सांगितलं. रघुवीर बाहेर आला. बोटांवर शाई होती. तिला बघून तो पायरीवरच थबकला.

"आत्यांना बरं नाही का?"

"आत्या बऱ्या आहेत. झोपल्यात."

फाटकाशेजारच्या कडुनिंबाला बारीक पांढरा मोहर आला होता. तो वाऱ्यानं दोघांच्या अंगावर झडत होता. दोघंही तो झटकत नव्हती.

"मला बडोद्याला जायचं नाही," चारू म्हणाली. "हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय."

"मग… राहायचं कुठं तुम्हाला?"

"ते तुम्ही सांगायचं. मी इथवर आले, आता पुढचं तुम्ही बोला."

रांगेत उभं राहून परक्या शहराचे रस्ते बेधडक सांगणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडेना. शेवटी तो म्हणाला, "माझ्याकडं सहा महिने इथं, सहा महिने तिथं. घर असं धड एकही नाही. म्हणून गप्प बसलो. नाहीतर दुसऱ्याच दिवशी…"

"दुसऱ्या दिवशी काय?"

"पलासियाच्या रस्त्यावर. तुम्ही रागावायचा प्रयत्न करत होता ना, तेव्हाच विचारलं असतं."

चारूनं मान खाली घातली. हसू लपवण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी तिनं ते लपवलं. मग संध्याकाळी मी आत्याशी बोलते, असं म्हणून ती परत फिरली, आणि बस वळेपर्यंत तो फाटकात उभा असलेला तिला दिसत राहिला.

आत्याला सांगणं कडुनिंबाखाली बोलण्याइतकं सोपं नव्हतं. दत्तोपंतांच्या गच्चीवर दिवेलागणीला आत्या वाळवण गोळा करत होती. चारूनं सगळं एका दमात सांगितलं. आत्याचे हात थांबले.

"मग तिकडं मी कोणाशी बोलू गं?" ती म्हणाली.

तेवढंच. रागावली असती तर चारूला सोपं गेलं असतं. आत्या वाळवणाची परात तशीच टाकून खाली गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. चारू तिच्या पायाशी बसून राहिली. तिला वाटलं, आपण जाऊ; जिनं आपल्याला वाढवलं तिला परक्या गावात एकटं कसं सोडायचं? पण तोंडातून तो शब्द काही निघाला नाही.

सकाळी आत्या उठली, न्हाली, आणि रघुवीरला बोलावून घ्यायला सांगितलं. तो आला. आत्यानं त्याला समोर बसवून पोहे दिले आणि आईचं नाव, गाव, पगार, सारं विचारलं. मग तिनं विचारलं, वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचं म्हणजे माझी पोर दोनदा चूल मांडणार? रघुवीर हो म्हणाला. त्यानं काही लपवलं नाही.

आत्यानं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"मग भांडी थोडकीच घ्या," ती म्हणाली, आणि दाराशी उभ्या चारूकडं वळली. "आणि वरणात हिंग घालत जा गं."

चारूनं आत्याच्या मांडीत डोकं खुपसलं. आत्याचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. शरदला मीच पत्र घालते, ती म्हणाली; तुझ्या बापालाही मीच कळवते; आणि मला सोबत लागते असं कोणी सांगितलं? तिकडं सून आहे, नातवंडं आहेत.

दोन दिवसांनी रतलामच्या गाडीनं आत्या निघाली. पुढं रतलामला शरद तिला घ्यायला येणार होता. आत्याचं पत्र मिळाल्यावर चारूचे वडील चारूला न्यायला संध्याकाळी धारहून यायचे होते. फलाटावर रघुवीरनं ट्रंक वर चढवली, सुरई खिडकीशी ठेवली. आत्या जागेवर बसली, पदर सारखा केला आणि दोघांकडं पाहतच राहिली. बोलायचं सगळं बोलून झालं होतं. चारूनं खिडकीतून तिचा हात घट्ट धरला होता. गार्डानं शिट्टी दिली तेव्हा तो हात आत्यानंच सोडवला.

समोरच्या बाकावर एक मारवाडी बाई बसली होती. तिनं कौतुकानं विचारलं, "बेटा-बहू छोड़ने आए हैं, बाईजी?"

"ना जी," आत्या म्हणाली. डोळे पुसत होती, पण स्वर चांगला खणखणीत होता. "ये मेरी भतीजी है. और ये हमारे जमाईजी."

गाडी हलली. रघुवीर फलाटावर जागच्या जागी उभा होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हे चारूला स्पष्ट दिसलं. शेवटचा डबा निघून गेला तरी दोघांपैकी कोणीच हललं नाही.

"ऐकलंत?" चारूनं विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "पुन्हा एकदा म्हणतील का, ते बघत होतो."

ती हसली, ओल्या डोळ्यांनीच, आणि पहिल्यांदाच पुढं वा मध्ये कोणी नसताना त्याच्या शेजारून चालू लागली.