अख्खी पाणीपुरी

बदनापूर स्टेशनासमोरच्या गाड्यावर शेजारच्या माणसानं पाणीपुरी चक्क हातात कुस्करली... अन् पाणी थेट ज्योत्स्नाच्या ओढणीवर. आता पाणीपुरी म्हणजे काय भाकरी आहे कुस्करून खायला?

"माफ करा. तोंड बराबर उघडत न्हाई," तो ओशाळून हसला. दात लाल. डोळे मात्र – जाऊ द्या, डोळे भलतेच गोड होते.

"गुटखा?"

"थोडासा. मिलमध्ये भट्टीपाशी डोळा लागतो, मंग..."

"तीन बोटं उभी घाला तोंडात."

त्यानं भर रस्त्यात घातली. दोनच गेली.

धड तोंडात तीन जातात, हे ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या काही वर्षांत देशात कॅन्सर किती जणांना होईल, किती जण दगावतील, याचा अंदाज मांडायची तिची नोकरी. तिचे वडील तोंडाच्याच कॅन्सरनं गेले होते. गुटखेवाल्यावर जीव लावायचा नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलेलं.

तिनं त्याला नोकरी, वडील, सगळं तोंडावर सांगितलं.

"म्हंजे तुमच्या आकड्यात मी धरलेला हाय?"

"आकडा देशाचा असतो. तुमचं तुम्ही बघा."

"मंग तुमचा आकडा मी चुकवूनच दाखवतो."

"चुकवा. मी तो मांडतेच खोटा पडावा म्हणून."

अंगद नाव त्याचं. जालन्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं पुड्या नालीत फेकल्या अन् डॉक्टर गाठला. तोंड उघडावं म्हणून डॉक्टरनं दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चवड धरायला सांगितली. संध्याकाळी स्टेशनाच्या बाकावर तो तशी धरून तिच्या गाडीची वाट बघायचा. काड्यांपायी बोलता येईना, म्हणून नुसता बघत राहायचा. बोलला असता तर परवडलं असतं, असं तिला वाटायचं.

एकदा त्याच्या श्वासाला पुन्हा गुटख्याचा वास आला. ती तशीच चालती झाली. घरी येऊन आईच्या देखत ढसाढसा रडली, तेव्हा आईला सगळं कळलं. "मी एकदा भोगलंय, पोरी. तू नको," आई म्हणाली.

पुढं कितीतरी दिवस ती त्या बाकाकडे फिरकली नाही.

मग हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी त्यानं तिला गाड्यापाशी थांबवलं. पुरी उचलली अन्... अख्खी तोंडात. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पण गडी हटला नाही.

"तुम्ही निघून गेलात, त्या दिवसानंतर पुडीला शिवलो न्हाई," तो म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाठ न्हाई. पण धोका गेला असं न्हाई. जन्मभर तपासत राह्यचं म्हने. एकट्यानं होईल का... माहीत न्हाई."

त्याच सकाळी तिनं नवा आकडा मांडला होता. मागच्यापेक्षा मोठा. काय वाढून ठेवलंय ते तिच्याइतकं कोणाला कळणार? कळू दे. भीतीपायी माणूस सोडायचा, तर कॅन्सर न होताच जिंकला की.

तिनं पुरी भरून घेतली अन् त्याच्यासमोर धरली.

"आ करा. जन्मभर मीच तपासणार. आईला मी सांगते, तुम्ही फक्त तोंड उघडं ठेवा."